व्यक्तिमत्त्व विकाराच्या क्लायंटसाठी माणसं नेमताना आणि घडवताना

व्यक्तिमत्त्व विकार (स्वतःकडे बघण्याची आणि नाती जोडण्याची पद्धतच दीर्घकाळ बिघडलेली असणं) असलेल्या लोकांसोबत काम करणारी टीम मोडली की खापर बहुतेक वेळा क्लायंटवर फुटतं. "बॉर्डरलाइन आहे, कुणाला टिकूच देत नाही." (बॉर्डरलाइन म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा व्यक्तिमत्त्व विकार.) खरी कारणं त्याच्या कितीतरी आधी घडून गेलेली असतात. माणसं घाईत नेमलेली असतात, रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात आठ केसेस दिलेल्या असतात, आणि सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी उपचारकासोबत आपल्या कामाचा आढावा, महिन्यातून एकदा, तेही वेळ मिळाला तरच होतं. पुण्यात पाच ते आठ जणांचं बाह्यरुग्ण केंद्र किंवा डे-केअर उभं करणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. आमचं म्हणणं थोडक्यात असं: निवडताना प्रेमळपणापेक्षा स्थिरपणा बघा, आणि तो स्थिरपणा टिकवणं ही संस्थेची जबाबदारी समजा, त्या एकट्या माणसाची नव्हे.

पायरी १ : आधी काम ठरवा

आपण कोणाला घेणार आणि कोणाला पुढे पाठवणार, हे जाहिरात देण्याआधी कागदावर यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात व्यक्तिमत्त्व विकाराचे जुने वेगवेगळे प्रकार मागे पडले आणि तीव्रता महत्त्वाची ठरली: सौम्य, मध्यम, तीव्र. 'बॉर्डरलाइन' ही ठेवण त्यासोबत वेगळी नोंदवता येते. माणसं नेमायला ही मांडणी फार उपयोगी पडते. सौम्य आणि मध्यम क्लायंट क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समाजकार्यकर्ते मिळून सांभाळू शकतात. तीव्र क्लायंट घ्यायचे असतील तर त्याच दिवशी फोन उचलणारा मानसोपचारतज्ज्ञ बांधून घेतल्याशिवाय दार उघडू नका.

मग एक पद्धत ठरवा, एकच. मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, तीव्र भावना हाताळायची कौशल्यं शिकवणारी पद्धत) पूर्ण स्वरूपात करायची तर वैयक्तिक सत्र, गटातलं कौशल्य-प्रशिक्षण, सत्रांच्या मधल्या काळात फोनवरची मदत आणि उपचारकांची स्वतःची साप्ताहिक बैठक अशा चारही गोष्टी लागतात. बेटमन आणि फोनागी यांची एमबीटी (मेंटलायझेशन-बेस्ड ट्रीटमेंट) समोरच्याच्या आणि स्वतःच्या मनात काय चाललंय ते ओळखण्यावर भर देते. नव्या केंद्राला हे सगळं झेपत नसेल तर जॉन गंडरसन यांची 'गुड सायकिएट्रिक मॅनेजमेंट' ही साधी, सामान्य उपचारकांनाही पेलणारी पद्धत बघावी. तिच्या मूळ प्रशिक्षणाला एक दिवस पुरतो. थोडं डीबीटी, थोडं सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी थेरपी) आणि थोडं ज्याला जे येतं ते, अशी मिसळ केली की टीममधला प्रत्येकजण क्लायंटला वेगळं काहीतरी सांगू लागतो. पुढच्या बऱ्याच भांडणांचं मूळ इथेच असतं.

तीसेक क्लायंटसाठी आमचा हिशेब असा: आठवड्यातून दोनदा येणारे एक मानसोपचारतज्ज्ञ, दोन क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, दोन समुपदेशक किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी असलेले), आणि रिसेप्शनवर पूर्णवेळ एक व्यक्ती.

रिसेप्शनच्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. हिंजवडीहून निघालेली क्लायंट ट्रॅफिकमध्ये अडकून अर्धा तास उशिरा पोचते. सत्राची वीसच मिनिटं उरलेली असतात. तिचा पहिला सामना थेरपिस्टशी होत नाही, काउंटरवरच्या ताईंशी होतो. "उशीर झाला ना, आता काही होणार नाही" असं त्या म्हणाल्या, तर त्या दिवसाचा उपचार तिथेच संपला. "बरं झालं पोचलात. आज वीस मिनिटं मिळतील, मी आत कळवते," असं म्हणाल्या तर तो वाचला. नियम तोच राहतो, वेळ वाढत नाही, फक्त दार बंद होत नाही. म्हणून रिसेप्शनची नेमणूकही याच कसोटीवर करा आणि त्यांनाही प्रशिक्षणात बसवा.

पायरी २ : जाहिरात आणि कागदपत्रं

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग, कर्वे समाज सेवा संस्था, शहरातली नर्सिंग कॉलेजं इथे जाहिरात पोचवा. तिच्यात "प्रेमळ, सेवाभावी, कितीही वेळ द्यायची तयारी" असं लिहू नका. त्याने दुसऱ्याला वाचवायला धावणारी माणसं येतात, आणि अशी माणसं सहसा वर्षाच्या आत थकतात. काम काय आहे ते उघड लिहा: स्वतःला इजा करून घेणाऱ्या प्रौढांसोबत काम, आठवड्यातून दोन संध्याकाळी आठपर्यंत ड्युटी, दर आठवड्याला पगारी वेळेत सुपरव्हिजन. पगाराचा आकडाही लिहा.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक, नर्सचा महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा आणि डॉक्टरांचा वैद्यकीय परिषदेचा क्रमांक तपासून घ्या. नूतनीकरणाची तारीखही बघा. समुपदेशकांच्या बाबतीत प्रमाणपत्राचं नाव बघून भागत नाही. अल्पमुदतीच्या कोर्सपासून एमएपर्यंत सगळं त्याच शब्दाखाली येतं. सुपरव्हिजनखाली किती तास प्रत्यक्ष काम केलं ते विचारा. आधीच्या दोन ठिकाणी फोन करा आणि एकच प्रश्न नेमका विचारा: "त्यांच्या कामातली चूक दाखवली तेव्हा त्यांनी काय केलं?" पोलीस पडताळणी सगळ्यांची, रिसेप्शनसकट.

पायरी ३ : मुलाखत

गप्पांच्या मुलाखतीत सगळेच चांगले दिसतात. दीड तास ठेवा आणि निम्मा वेळ कृतीला द्या. पॅनलवर तिघं असावेत: टीमप्रमुख, एक अनुभवी उपचारक, आणि स्वतः हा आजार अनुभवून आता बरी असलेली एक व्यक्ती. या तिसऱ्या व्यक्तीला मानधन द्या आणि मतही समान वजनाचं द्या. इंग्लंडमध्ये व्यक्तिमत्त्व विकाराविषयीचं कर्मचारी-प्रशिक्षण व्यावसायिक आणि हा आजार स्वतः अनुभवलेल्या व्यक्ती जोडीने देतात, त्यामागचा विचार हाच आहे. उमेदवाराच्या स्वरातली कीव किंवा धास्ती त्यांना लगेच जाणवते.

प्रसंग सोपाच घ्या. पॅनलमधली एक व्यक्ती क्लायंट होते आणि म्हणते, "तुम्ही पण मागच्या मॅडमसारख्याच. दोन महिन्यांत सोडून जाणार."

घाबरलेला उमेदवार म्हणतो, "नाही, नाही, मी कुठेही जाणार नाही." हे वचन पाळता येणार नाही, आणि क्लायंटला ते कळतं. दुखावलेला उमेदवार म्हणतो, "असं का बोलता? मी तर आजच आले." आम्हाला हवं असलेलं उत्तर साधारण असं असतं: "मागच्या मॅडम गेल्याचा त्रास अजून आहे. मी किती दिवस असेन त्याचं वचन मला देता येणार नाही. पण जायची वेळ आली तर तुम्हाला सहा आठवडे आधी कळेल, अचानक नाही."

पहिल्या फेरीत हे उत्तर बहुतेकांना जमत नाही, आणि त्यावरून कुणाला नापास करू नका. दहा मिनिटांनी प्रयोग थांबवा, एक सुधारणा सांगा आणि तोच प्रसंग पुन्हा करायला लावा. दुसऱ्या फेरीत उमेदवार ती सुधारणा वापरतो का, हीच खरी परीक्षा. जो समजावत बसतो की पहिलं उत्तरच कसं बरोबर होतं, तो पुढे सुपरव्हिजनमध्येही तेच करेल.

दोन प्रश्न जरूर विचारा. "कामात शेवटचा राग कधी आला, आणि त्याचं काय केलंत?" राग कधीच येत नाही असं सांगणारा माणूस या कामात धोक्याचा. आणि "हे लोक बरे होतात का?" इथे निराशा ऐकू आली तर सावध व्हा, कारण वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेत मेरी झनारिनी आणि सहकाऱ्यांनी बॉर्डरलाइनच्या रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. २०१० साली त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार ९३ टक्के जणांची लक्षणं किमान दोन वर्षं टिकेल इतकी ओसरली होती, आणि नोकरी-नात्यांसकट सावरलेले ५० टक्के होते. दोन्ही आकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगा. पहिला आशा देतो. रोजगार, शिक्षण, घर यांवर काम का करायचं ते दुसरा सांगतो.

स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल उमेदवाराला खोदून विचारू नका. त्याने आपणहून सांगितलं तर ते वजाबाकीत धरू नका.

पायरी ४ : पहिले बारा आठवडे

पहिले दोन आठवडे फक्त बघायचं: सत्रात क्लायंटच्या परवानगीने कोपऱ्यात बसायचं, फायली वाचायच्या, आणि अर्धा दिवस रिसेप्शनवर काढायचा. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात अनुभवी सहकाऱ्यासोबत जोडीने काम. सातव्या आठवड्यात स्वतःचे दोन क्लायंट, बाराव्यापर्यंत चार. पूर्ण भार आठ ते दहा, तोही सहा महिन्यांनंतर. यादी वाढतेय म्हणून हे वेळापत्रक मोडलं, तर जो नवा माणूस चौथ्या महिन्यात राजीनामा देतो त्याच्यासोबत दहा जणांची नाती तुटतात.

पहिलं कौशल्य शिकवायचं ते नोंद लिहिण्याचं. नवखे लोक लिहितात: "लक्ष वेधून घेण्यासाठी स्वतःला इजा केली. मॅनिप्युलेटिव्ह." अशा नोंदीतून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही, फक्त राग पोचतो. त्याऐवजी असं: "मंगळवारी रात्री अकराच्या सुमारास स्वतःला इजा, जखम वरवरची, टाके नाहीत. सकाळपासून जेवण नाही. पावणेअकराला मित्राने बोलता बोलता फोन ठेवला. 'आता कुणीच नाही' असा विचार आला. इजेनंतर दहा मिनिटं शांत वाटलं, मग लाज. मैत्रिणीला फोन केला." आता बघा, हात घालायला किती जागा मिळाल्या: जेवण, फोन ठेवल्यानंतरची पंधरा मिनिटं, तो विचार, आणि मैत्रिणीला फोन करणं हे आधीच जमत असलेलं काम. डीबीटीत याला साखळी-विश्लेषण म्हणतात. नव्या माणसाकडून आठवड्याला अशा दोन नोंदी लिहून घ्या आणि शेजारी बसून दुरुस्त करा.

डीबीटीतली चार कौशल्यं, म्हणजे सजगता, त्रास सोसणं, भावनांचं नियमन आणि नात्यांतला परिणामकारक संवाद, कर्मचाऱ्याने आधी स्वतःवर वापरायची. महिनाभर स्वतःची डायरी-कार्डं (रोजच्या भावना आणि वापरलेली कौशल्यं नोंदवायची कार्डं) भरल्यावर क्लायंट कार्ड का विसरतो ते कळतं, आणि "तुम्ही प्रयत्नच करत नाही" हे वाक्य तोंडी येत नाही. चेहऱ्यावर बर्फगार पाणी घेण्यासारखे उपाय शिकवताना हृदयविकार किंवा खाण्याचे विकार आहेत का, हे डॉक्टरांना विचारूनच पुढे जायचं.

कायद्याला एक पूर्ण सकाळ द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधली दोन कलमं रोज लागतात. कलम २३ गोपनीयतेचं. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षेसाठी धरायचं नसतं. 'पोलीस केस होईल' या भीतीने कर्मचारी रुग्णालयात न्यायला कचरतात, ती भीती इथे काढून टाका. क्लायंट अठरा वर्षांखालची असेल आणि लैंगिक अत्याचाराची माहिती कळली, तर पोक्सो कायद्यानुसार ती कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच सत्रात क्लायंटलाही सांगून ठेवायचं असतं, नाहीतर नंतर ते विश्वासघातासारखं वाटतं.

गोपनीयतेची कसोटी बहुतेक वेळा घरच्यांच्या फोनवर लागते. "मॅडम, ती काय बोलली तेवढं सांगा. आम्ही तिला कळू देणार नाही." उत्तर तोंडपाठ करून घ्या: "काकू, ती काय बोलली ते मला सांगता येणार नाही. तुम्हाला घरी काय दिसतंय ते मात्र मी ऐकते. आणि तुमचा फोन आला होता, हे मी तिला सांगेन." शेवटचं वाक्य वगळायचं नाही. जिवाला धोका दिसला तर चित्र बदलतं, आणि तेही आधीच लिहून ठेवलेल्या योजनेप्रमाणे.

पायरी ५ : मर्यादा, पुण्यातल्या घरगुती वातावरणात

परदेशी पुस्तकातले नियम इथे जसेच्या तसे बसत नाहीत. इथे क्लायंट समुपदेशिकेला ताई म्हणते, संक्रांतीला तिळगूळ आणते, दिवाळीत फराळाचा डबा देते. तिळगूळ घ्यावा. डबा आला तर टीमच्या टेबलावर उघडून सगळ्यांनी खावा आणि सत्रात मोकळेपणाने आभार मानावेत. साडी, पैसे, सोनं घेऊ नये. राखीबद्दल आधी टीममध्ये बोलावं, कारण ती बांधल्यावर 'भाऊ' सुट्टीवर गेला की जखम दुप्पट होते. क्लायंट वयाने कितीही लहान असली तरी सुरुवात 'तुम्ही'नेच. तिने सांगितलं तर 'तू' चालेल, पण मग सगळ्या टीमने तसंच म्हणावं.

तुळशीबागेत समोरासमोर आलात तर? पहिल्या सत्रातच ठरवा: क्लायंटने आधी ओळख दाखवली तर आपण दाखवायची, नाहीतर पुढे जायचं.

कर्मचाऱ्याचा खाजगी नंबर क्लायंटकडे नको. केंद्राचा वेगळा मोबाईल, त्यावर ठरलेल्या वेळेत मेसेजची उत्तरं, आणि आपली वेळ संपल्यावर कुठे फोन करायचा ते त्याच्या आपोआप जाणाऱ्या उत्तरात: टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२. मर्यादा सैल सोडून तीन महिन्यांनी एकदम आवळणं हे सगळ्यात वाईट. रात्री साडेबाराला उत्तर देणारी ताई एका रात्रीत गप्प झाली, तर क्लायंटने आयुष्यभर ज्याची भीती बाळगली नेमकं तेच घडतं.

सुट्ट्यांची घोषणा चार आठवडे आधी करा. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्ते मिरवणुकीने भरलेले असतात. पेठांतल्या केंद्राला क्लायंटही पोचत नाहीत आणि कर्मचारीही. त्या आठवड्यातली सत्रं फोनवर घ्यायची की पुढे ढकलायची, ते ऐनवेळी ठरवू नका.

पायरी ६ : साप्ताहिक बैठक

दर आठवड्याला नव्वद मिनिटं, ठरलेला वार, पगारी वेळ, फोन बाहेर. क्लायंट कमी झाले तरी चालतील, बैठक रद्द होता कामा नये. पहिली पाच मिनिटं शांत बसणं. मग क्रम: आधी जिवाचा धोका, मग उपचारात अडथळा आणणाऱ्या गोष्टी, त्यात कर्मचाऱ्यांच्या चुकाही येतात, आणि शेवटी बाकीचं. ज्याची केस आहे त्याने सुरुवातीलाच सांगायचं की त्याला काय हवंय: सल्ला हवा, धोक्याचा अंदाज हवा, की नुसतं ऐकून घ्यायला हवं.

टीममध्ये फूट पडते ती हमखास ओळखता येते. दोघं म्हणतात, "तिला कुणी समजूनच घेत नाही." दोघं म्हणतात, "तिचे फार लाड झाले." ब्रिटिश मनोविश्लेषक टॉम मेन यांनी १९५७ सालीच रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांत अशी फूट कशी पडते ते दाखवलं होतं. दोन्ही बाजूंना क्लायंटचा एकेक खरा भाग दिसलेला असतो. म्हणून 'कोण बरोबर' हा वाद थांबवून दोघांनाही विचारा, "तुमच्यासमोर ती कशी असते?" दोन्ही वर्णनं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. पुढच्या आठवड्याचा एकच निर्णय लिहून काढा, आणि तो क्लायंटला तिच्या थेरपिस्टनेच सांगावा.

याशिवाय प्रत्येकाला आठवड्याला एक तास वैयक्तिक सुपरव्हिजन. पगार ठरवणारी व्यक्तीच सुपरव्हायजर असेल तर चुका लपवल्या जातात. शक्य असेल तर बाहेरचा माणूस नेमा.

पायरी ७ : संकट आणि त्यानंतर

प्रत्येक क्लायंटची सुरक्षा योजना एका पानाची आणि मराठीत असावी: धोक्याच्या खुणा, स्वतः करायच्या गोष्टी, कुणाला फोन करायचा, कुठे जायचं. ससूनसारखं चोवीस तास तातडीचा विभाग असलेलं रुग्णालय आणि घराजवळचं एखादं, अशी दोन नावं असू द्या. घरातल्या गोळ्या कुणाच्या ताब्यात ठेवायच्या आणि एका वेळी किती दिवसांच्या लिहून द्यायच्या, हे मानसोपचारतज्ज्ञांशी ठरवा. धोका वाढलेला असताना आठवड्याच्याच द्याव्यात.

प्रसंग घडून गेला की संबंधित कर्मचाऱ्याला त्याच दिवशी कुणीतरी फोन करायचा, दुसऱ्या दिवशी त्याचं काम हलकं करायचं, आणि आठवड्याभरात बैठकीत घटनाक्रम मांडायचा. या बैठकीत "तू का नाही केलंस" हा प्रश्न विचारायचा नाही. क्लायंटचा मृत्यू झाला तर कुटुंबाला कोण भेटणार, बाकीच्या क्लायंटना कोण आणि कोणत्या शब्दांत सांगणार, हे आधीच ठरलेलं असावं. त्या थेरपिस्टला दोन आठवडे नवा क्लायंट देऊ नका. त्याची खुर्ची मात्र टीममध्येच ठेवा. घरी पाठवून एकटं पाडलं तर तो परत येत नाही.

पायरी ८ : कर्मचारी सोडून जातो तेव्हा

माणसं जाणारच. लग्न, पीएचडी, बंगळुरूची नोकरी. नेमणुकीच्या पत्रातच दोन महिन्यांची नोटीस ठेवा, म्हणजे क्लायंटला सहा आठवडे देता येतात. बातमी पहिल्यांदा थेरपिस्टच्या तोंडून कळावी, काउंटरवरून नव्हे. पहिल्या आठवड्यात फक्त सांगणं आणि राग ऐकणं. दुसऱ्या-तिसऱ्यात आतापर्यंत काय जमलं त्याची यादी दोघांनी मिळून करणं. चौथ्या-पाचव्यात नवीन थेरपिस्टसोबत जोडसत्रं. शेवटच्या सत्राची तारीख एकदा ठरली की पुढे ढकलायची नाही, आणि क्लायंट त्या दिवशी आली नाही तरी पूर्ण पन्नास मिनिटं खोलीत बसून राहायचं. बऱ्याचदा ती पंचेचाळिसाव्या मिनिटाला येते.